टाकळ्याचा नवस

हरतालकेच्या सकाळी बाबू माटवीचं सामान आणायला सड्यावर, वरच्या कातळमाळावर, गेला आणि टोपली जवळजवळ रिकामीच घेऊन परत आला.

गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगायची ती माटवी; तिला त्या दिवसांत रानात जे जे उगवलं असेल ते बांधायचं, अशी कोकणातली रीत. बाबूच्या टोपलीत कवंडळाची दोन रानफळं होती, शेरवडाची थोडी पांढरी पानं होती आणि तेरड्याची एक मोडकी फांदी होती. हरणं म्हणतात ती पिवळी फुलं नव्हती. गवताचा एक तुरासुद्धा नव्हता.

"सगळो सडो पिवळो झालो हा," पायरीवर बसून पायाचा चिखल खरवडत बाबू म्हणाला. "लांबसून बघलंय आणि वाटला, हरणां फुलली. धावत गेलंय. जवळ जावन बघतंय तर टाकळो! कंबरेएवढो टाकळो! गडग्यापासून कड्यापर्यंत दुसरा कायच नाय."

बाबू मुंबईच्या गिरणीतून दोन वर्षांनी घरी आला होता, तोही कालच. पावसाळ्यामुळे बोट अजून बंद होती, म्हणून कोल्हापूरवरून यष्टीनं हाडं खिळखिळी करून घेत आला होता. सड्याची दशा त्याला ठाऊक नव्हती. बाकीच्यांना ठाऊक होती, आणि बाकीचे तोंड मिटून बसले होते. ज्या बाईमुळे ती दशा झाली ती चुलीजवळ विळीवर बसून नारळ खवत होती, आणि ती बाबूचीच बायको होती.

सुगंधाचा हात थांबला नाही. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. उपासानं डोकं हलकं झालं होतं, आणि माणसांचे आवाज तिला तळीच्या पाण्याखालून यावेत तसे ऐकू येत होते. खोबऱ्याचा पांढरा ढीग वाढत होता. त्याच्याकडे बघता बघता तिला तो कोरडा पावसाळा दिसला. तो तिला हल्ली दिवसाढवळ्या दिसत असे.

त्या वर्षी रोहिणीत एक सर पडली आणि मग आभाळानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. भात पेरलं तिथं करपलं. सड्यावरचं गवत गुरांनी आधी पातीपातीनं खाल्लं, मग बुडख्यापर्यंत खाल्लं, मग जिभेनं माती उकरून मुळं खाल्ली. त्या एका सरीवर उगवला तो फक्त टाकळा. कातळाच्या भेगेत, गडग्याच्या दगडांच्या फटीत, जिथं बोटभर माती तिथं टाकळा. गुरं त्याला तोंड लावीनात, माणसं लावू लागली. टाकळ्याची कोवळी पानं दर आषाढात घरोघरी भाजीला येतात. त्या वर्षी भाजीबरोबर खायला भात नव्हता, एवढाच फरक.

लक्ष्मी तेव्हा दीड वर्षाची. सुगंधाचं दूध आटलं होतं. पोरीची मान खांद्यावर अशी पडायची की हात लावायला भीती वाटे. सुगंधा टाकळ्याची पानं शिजवून, चोळून, पेजेच्या पाण्यात कालवून तिच्या ओठांना लावायची. एक दिवस ती सड्याच्या राखणदाराच्या, म्हापुरुसाच्या, दगडापुढं गेली आणि बोलली, "माझा चेडू राख. ज्या पाल्यान तू तिका जगवतंस, त्या टाकळ्याक आमच्या घरातला माणूस कधी हात लावचा नाय. खावचा नाय, उपटूचा नाय."

पोरगी जगली. सासूनं, रुक्मिणीनं, दगडापुढं दिवा लावला. सगळ्या घरानं माथा टेकला. त्या दिवशी नवस कुणालाच जड वाटला नव्हता.

पुढच्या वर्षी पाऊस मन लावून पडला. गवताची जी थोडी खोडकी जमिनीत जीव धरून होती त्यांनी अंदाज घेत, घाबरत एकेक पात वर काढली. टाकळा कुणासाठी थांबत नाही. एका रात्रीत त्यानं सडा झाकला, त्याच्या सावलीत गवताच्या पाती पिवळ्या पडल्या. ज्या वर आल्या त्या गुरांनी ओरबाडल्या, कारण खाण्याजोगं तेवढंच होतं. दुसऱ्यांच्या सड्यांवर हेच झालं असतं. पण तिथं बायांनी आषाढात ओच्यांनी टाकळा खुडून नेला, उपटून नेला, भाजी करून खाल्ला, आणि उरल्या जागेत गवतानं पाय पसरले. इथं कुणी हात लावला नाही. दसऱ्याला शेंगा तडकल्या. यंदा एकेका झाडाच्या जागी पसाभर झाडं उभी राहिली. लोकांच्या सड्यावर गवत परत आलं, ह्यांच्या सड्यावर नवस वाढला.

"कोणीतरी सांगा रे ह्या घरातल्या माणसांका," गंगाराम ओटीवरच्या खांबाला उद्देशून म्हणाला. तो थोरला. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिरानं तोंडोतोंड बोलायचं नसतं, म्हणून त्याला सुगंधाला काही सांगायचं असलं की तो खांबाला सांगत असे. "दसऱ्याक शेंगो तडाकतत. त्याच्या आधी टाकळो गेलो नाय, तर पुढल्या वरसा सड्यार सुई पडाक जागा उरची नाय. गवात नाय तर गोरवां खातली काय? मी बैल घाटार विकूक धाडूचे ठरवलंय. चतुर्थी झाली की."

"बैल?" बाबू उठलाच. "आणि नांगर कोण ओढतलो? तू?"

"तू ओढ. मुंबयचो पाव खावन जाडो झालंस."

"आये, ह्यो काय बोलता?"

रुक्मिणी वाती वळत होती. दोन वर्षं नवसाच्या बाजूनं सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. शेजारच्या तुळसानं एकदा गडग्यावरून वाकून चार टाकळे खुडले तर हिनं तिच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या. पण ते बैल भाईंनी, तिच्या नवऱ्यानं, वासरं असताना आणलेले. तिनं वात खाली ठेवली.

"देव काय एवढो वायट नाय," ती म्हणाली. "आपण हात लावचो नाय म्हटला हा ना? मगे तुळसाक सांगूया उपटूक. ती आपल्या घरातली नाय."

"वा! बरा सुचला!" गंगाराम खूश झाला.

सुगंधा विळीकडे बघत विळीलाच म्हणाली, "म्हणजे पाप तुळसाच्या पोरांक लागांदे. आपला चेडू ता चेडू, तिची पोरां काय वाटेवरची?"

खांब आणि विळी यांचं हे बोलणं त्या घरात कुणाला नवं नव्हतं. बाबूला मात्र चेडू म्हटल्यावर काहीतरी टोचलं. आत्तापर्यंत तो भावाच्या बाजूनं मान हलवत होता. लक्ष्मी अंगणात केळीच्या सोपटाची होडी करून तिच्यात मुंगळा बसवत होती. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याचा सूर बदलला.

"दादा, बैल ऱ्हवांदेत बाजूक. नवस मोडून पोरीक काय झाला तर?"

"आता तू पण!"

"तुका पोर नाय म्हणून तुका—"

बोललेला शब्द परत तोंडात घालता येत नाही. गंगारामचा चेहरा जांभ्यासारखा लाल झाला आणि मग राखेसारखा. आतल्या दारात विमला उभी होती. गंगारामची बायको, सुगंधाची जाऊ. हातात तांदळाच्या पिठाचं ताट. ती कधीच काही बोलत नसे, म्हणून घरातले सगळे ती शहाणी आहे असं म्हणत. बाईनं गिळलं की तिला शहाणी म्हणायचं, हे आपल्याकडे फार जुनं आहे.

"भांडा मेल्यांनो, गणपती दारात इलो आणि भांडा," रुक्मिणी उठली. "चला. म्हापुरुसाक विचारूया. कौल लावया. तो सांगतलो ता करूया."

दुपार कलताना सगळं घर सड्याच्या वाटेनं चढलं. पाऊस उघडला होता. ऊन असं कोवळं, असं ओलं होतं की ते अंगावर पडत नव्हतं, अंगाभोवती तरंगत होतं. गडग्याचं चिव्याच्या बांबूचं दार उघडलं आणि सुगंधा जागीच उभी राहिली.

गेले कित्येक दिवस ती इकडे फिरकली नव्हती. सडा पिवळा होता. वाऱ्याच्या झुळकीनं पिवळ्याच्या लाटा कड्यापर्यंत जात, आणि कड्यापलीकडे खाली, धुक्याच्या पदराआड, खरा समुद्र होता. कुठं एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नव्हतं. फुलपाखरं इतकी, की फुलंच उडताहेत असं वाटावं. उपाशी डोळ्यांना ते स्वप्नासारखं दिसलं. हे मी लावलं, तिला वाटलं. माझ्या शब्दानं हे वाढलं. आणि त्या पिवळ्या समुद्राच्या कडेला घरचे दोन बैल उभे होते. पाठीची हाडं मोजता यावीत असे. पोटापर्यंत हिरव्यात बुडालेले, आणि तोंड हालत नव्हतं. खायला काहीच नसलेल्या हिरव्यात उभी असलेली जनावरं बघितली की माणसाला देवाचा राग यावा. सुगंधाला स्वतःचा आला.

लक्ष्मी हात सोडून धावली. टाकळ्यात तिचं डोकं तेवढं दिसत होतं, वरखाली होत होतं, मधेच बुडत होतं.

म्हापुरुसाचा दगड सड्याच्या मधोमध. गंगारामनं त्याला आंघोळ घातली. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्यानं दगडाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर नवस मोकळा. डावी पडली तर टाकळ्याला हात नाही. मग त्यानं हात जोडले आणि गाऱ्हाण्याचा खडा आवाज काढला.

"बा देवा म्हापुरसा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इलीत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बाकीच्यांनी साथ दिली.

"दुष्काळाच्या वरसा जो शबूद दिलो, तो आता ह्या घराक जड झालो रे म्हाराजा! मुकी जनावरां उपाशी मरतत. तेच्यातसून सुटका करतलंस काय? होय तर उजवो दी, नाय तर डावो दी. पण तुझ्या लेकरांक उत्तर दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि सगळे थांबले.

पाकळ्या हलल्या नाहीत. वारा होता तोही पडला. रुक्मिणी पुटपुटत होती. गंगाराम एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. खालून, फार खालून, लाटेचा आवाज यायचा आणि जायचा.

"जास्त भिजवलंस तू," बाबू हळूच म्हणाला.

"गप. तू मुंबयत नळाच्या पाण्यात देव धुतंस, तुका काय कळता."

"नाय, पण चिकाटल्यात बघ. खळ लावल्यासारख्यो."

"गप ऱ्हवा रे दोघव!" रुक्मिणी खेकसली.

सुगंधा डाव्या पाकळीकडे बघत होती. सगळ्यांच्या देखत ती मनातल्या मनात डाव्या पाकळीला पड म्हणत होती. बैल जाऊंदेत. गवात नाय म्हणान छप्पर गळूंदे. माझा चेडू ऱ्हवांदे. तिला त्याची लाज वाटत नव्हती. ऊन पिवळ्यावर पसरत चाललं होतं, लक्ष्मीचं हसणं कुठून येतं ते समजत नव्हतं, आणि त्या पाकळ्या अशाच चिकटून राहिल्या तर आपण सगळे इथंच उभे राहू, टाकळा आपल्या खांद्यांवरून वाढत जाईल, असं तिला वाटत होतं.

"आये," विमला म्हणाली. "काढा तो कौल. देवाक उगाच तरास."

सगळ्यांनी मागं बघितलं.

"चेडू टाकळ्यान नाय वाचला."

"काय बोलतंस तू?" रुक्मिणीनं विचारलं. "मगे कोणान?"

"माझ्या दुधान."

लाट आली, गेली. विमलाचा आवाज सपाट होता. पाण्याचा हंडा कुठं ठेवला ते सांगावं तसा.

"त्याच महिन्यात माझा पोर गेला. तुमका आठवता काय कोणाक? दूध इला आणि पोर गेला. आये, तुमी माका सांगलात, दूध केळीच्या बुडाक पिळून टाक. दोन दिवस पिळलंय. केळ काय करतली माझ्या दुधाचा?" तिनं सुगंधाकडे बघितलं. "तू दुपारची दमान डोळो लावलंस काय मी लक्ष्मीक गोठ्यात घेवन जायत होतंय. पयल्यांदा तिका ओढूक पण ताकद नव्हती. मी बोटान तोंडात सोडलंय. मगे ओढूक लागली."

"मेल्या पोराचा दूध!" रुक्मिणीचा हात तोंडावर गेला. "अगो सटवे, मेल्या पोराचा दूध जित्या पोराक!"

त्या काळी, आणि खोटं कशाला बोला, आजही, पोर गेलेल्या बाईनं दुसऱ्याच्या पोराला उचललं की बाकीच्या बाया मीठमोहऱ्या शोधायला धावतात. तिच्या अंगातलं दूधसुद्धा सुतकी. भुकेनं मरणारं पोर चालेल, ते दूध नको. ह्या अकलेची माणसं पुन्हा देवाला प्रश्न विचारायला डोंगर चढतात.

"माका तरी सांगूचा," गंगाराम घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तुमका?" विमला म्हणाली. "पोराक पुरून इलात आणि ईचारलात, पेज झाली काय. तुमका काय सांगू?"

गंगाराम दगडाजवळचा तांब्या उगाच इकडचा तिकडे करू लागला.

सुगंधाला रडू यायला हवं होतं. जावेच्या गळ्यात पडायला हवं होतं. तसं काही झालं नाही. ती जावेवर ओरडली.

"दोन वरसां! दोन वरसां माका ह्या रानाच्या पायाक पडाक लावलंस तू? मी दिवे लावलंय! गोरवां उपाशी ठेवलंय! आणि तू बघीत होतंस?"

"बघीत होतंय."

"कित्या नाय बोललंस?"

"बोललंय असतंय तर तू काय केलं असतंस? खरा सांग. तू तिका उलट्या हातान न्हाणयली असतीस. मीठमोहऱ्यो ओवाळल्यो असत्यो. आणि माका तिच्या सावलीक उभी केली नसतीस."

खरं होतं. तिनं तसंच केलं असतं.

"मगे आता कित्या बोललंस?"

"बैल जातत म्हणान," विमला म्हणाली. मग जरा थांबून, पहिल्यांदाच आवाज चढवून, "आणि ह्या टाकळ्याचो फुकटचो मान माका आता बघवना नाय!"

सुगंधा वळली. दगडाकडे तिनं बघितलं नाही. चार पावलं चालली आणि समोरचं झाड बुंध्याशी धरलं.

"अगो, कौल! कौल अजून पडाक नाय!" रुक्मिणी ओरडली.

"सुगंधा," बाबूचा आवाज फाटला होता, "चेडू आसा गो आपला..."

"चेडू वयनीच्या दुधार वाढला. टाकळ्याचो तिच्यार काय हक्क?"

हे ती मोठ्यानं बोलली, आणि बुंधा दोन्ही हातांनी आवळला. दोन वर्षांची भीती एका वाक्यानं जात नाही. तिनं ओढलं. झाड मुळासकट आलं, लाल माती तिच्या पायांवर उडाली, त्याचा उग्र वास नाकात शिरला. आणि तिनं वर बघितलं. पिवळ्या फुलांत लक्ष्मी कुठं दिसेना. मग कड्याच्या बाजूनं ते डोकं वर आलं, केसांत पिवळ्या पाकळ्या अडकलेल्या, आणि पोरगी शिंकली. नुसती शिंकली, आणि आणखी एक फुलपाखरू धरायला धावली.

सुगंधानं दुसरं झाड धरलं.

मग बाबू आला. मग गंगाराम, धोतर खोचून. रुक्मिणी बराच वेळ दगडाजवळ उभी राहिली. तिला कुणी बसायला सांगितलं नाही आणि यायलाही सांगितलं नाही. शेवटी ती वाकली आणि पायाजवळचं एक झाड दोन बोटांनी, किळस आल्यासारखं उपटून तिनं बाजूला टाकलं. त्यानंतर मात्र तिचा हात सगळ्यांहून भरभर चालला.

टाकळ्याखाली गवत होतं का? कुठं होतं. केसांसारखं बारीक, पांढरट, आंधळं. उजेड पडला तेव्हा ते तसंच आडवं पडून राहिलं. कुठं नुसती लाल माती होती आणि मुंग्या. केवढा तरी सडा पुढं उरला होता. आज संध्याकाळपर्यंत गडग्याचा एक कोपराही होणार नव्हता, आणि ह्या मातीत आधीच पडलेलं बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहील, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बैल हळूहळू उपटलेल्या जागेकडे सरकले आणि त्यांनी माती हुंगली.

दोघी जावा शेजारी शेजारी उपटत होत्या. दोघी उपाशी. दोघींच्या बांगड्या मातीनं मुक्या झालेल्या. ऊन आता समुद्राच्या बाजूनं आडवं येत होतं आणि सगळ्यांच्या सावल्या लांब, सैल, झोपेतल्यासारख्या हलत होत्या.

"वयनी," सुगंधा म्हणाली.

"काय गो?"

"तेचा नाव काय ठेवतलंस होतंस?"

विमलाचा हात झाडाच्या बुंध्यावरच राहिला. बारशाआधी गेलेल्या पोराला नाव नसतं, आणि त्याच्या आईला अमक्याची आवस म्हणून कुणी हाक मारत नाही. ते घरात आलंच नव्हतं असं सगळ्यांनी वागायचं असतं, आणि सगळे तसेच वागले होते. तिनं समुद्राकडे बघितलं.

"शिवा," ती म्हणाली.

सुगंधानं मान हलवली. समोरचं झाड जुनं होतं, गेल्या वर्षीच्या खोडक्याशेजारी कातळाच्या फटीत रुतलेलं. तिनं एकदा ओढून बघितलं, दोनदा ओढून बघितलं. मग पाठ सरळ करून, बाबूला, गंगारामला, रुक्मिणीला सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात तिनं हाक मारली,

"शिवाच्या आवशी, हंय जरा हात लाव गो! ह्या माका एकटीक येना नाय!"